राईतला पिंपळ

शांताराम, परवा तुला विमानतळावर पोचवून परत येताना मी पुन्हा रस्ता चुकलो. कुवेतचा विमानतळ ते सालमियातलं माझं घर, सरळसोट हायवे, डोक्यावर एवढाले हिरवे फलक, त्यांवर इंग्रजीतही लिहिलेलं. तरी मी सबाह अल-सालेममधल्या कुठल्याशा शाळेच्या फाटकापाशी जाऊन थांबलो. गाडी बंद केली आणि सवयीने तुला फोन लावला. असं कुठेतरी जाऊन अडकलो की मी दुसरं काय करायचो? तुला फोन लावायचा, तू आधी पोटभर हसायचास आणि मग वाट सांगायचास.

फोन वाजला. माझ्याच खिशात वाजला. तुझं सामान बांधताना तुझ्या खोलीतल्या मंडळींनी तो माझ्याकडे दिला होता आणि जाताना मी त्यावर बोललोही होतो, हे मी साफ विसरलो होतो. मी इतका दचकलो की कोपर हॉर्नवर पडलं आणि शाळेचा राखणदार काठी घेऊन बाहेर आला. बिचाऱ्याने माझं तोंड बघितलं, काठी भिंतीला टेकवली आणि हातवारे करून सालमियाची वाट सांगितली. पेट्रोल पंप, मग मशीद, मग सिग्नल. सगळ्या तिथे असलेल्या गोष्टी. मला काही केल्या उमजेना. इतकी वर्षं तू मला नसलेल्या गोष्टींवरून रस्ते सांगत आलास, त्याचा हा परिणाम.

इथल्या मराठी मंडळाचे लोक अंकासाठी तुझ्यावर लिही म्हणाले. जन्म कधीचा, गाव कुठलं, नोकरी कुठे, मागे कोण कोण. ते सगळं त्यांना दुसऱ्या कुणाकडूनही मिळेल. माझं तुझ्याशी बोलणं अर्धवट राहिलंय, ते मी इथे करून घेतो. लोकांनी वाचलं तर वाचलं.

आपली ओळख माझ्या मूर्खपणातून झाली हे सांगायला तुला फार आवडायचं, म्हणून आज मीच सांगतो. युद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी नवा नवा आलेलो, दवाखान्यांतली एक्स-रे मशीन दुरुस्त करणारा. माणसाच्या आतली बारीक चीर मला दिसायची, पण समोरचा खड्डा दिसत नसे. होडीएवढी लांब जुनी अमेरिकन गाडी घेतली होती आणि तिचा एसी बंद पडला होता. कुणी म्हणालं राई नावाच्या गोदामांच्या वस्तीत जा, तिथे गॅरेजंच गॅरेजं आहेत. गेलो. गॅरेजं होतीच, पण सगळी एकसारखी. गोदामांच्या भिंती, पत्रे, टायरांचे ढीग आणि धूळ. तिसऱ्यांदा त्याच टायरांच्या ढिगापाशी आलो तेव्हा चिडून गाडी रिव्हर्स घेतली, आणि मागे तू सकाळपासून बनवून वाळूत मांडून ठेवलेले एसीचे डक्ट होते. पत्र्याचा असा आवाज झाला की आख्खी गल्ली बाहेर आली.

तू लाकडी मोगरी हातात घेऊन आलास. मला वाटलं संपलं. तू म्हणालास, "क्या सेठ, हमारे डक्ट की चटणी कर दी तुमने." मी म्हणालो, "हमको दिसलाच नहीं." तू मोगरी खाली केलीस. माझ्याकडे नीट बघितलंस.

"मराठी?"

"हो."

"मगे हिंदीत कित्याक मरतंस?"

माझ्या गाडीचा एसी दुरुस्त करून घेतलास, चहा पाजलास, चेपलेले डक्ट मलाच एका बाजूने धरायला लावून ठोकून सरळ केलेस आणि हायवेपर्यंत जायची वाट सांगितलीस. पाणंदीतून बाहेर पड, साकव ओलांड, तिठ्यावर उजवीकडे. मी मान हलवली. पुढच्या वळणावर मी पुन्हा टायरांच्या ढिगापाशी होतो. तू तिथेच उभा होतास, जणू वाटच बघत होतास. "पुणेकरा," म्हणालास, "तुका या जन्मात रस्तो गावाचो नाय." तेव्हापासून मी तुझा पुणेकर झालो. खरं तर मी साताऱ्याचा. ते तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस.

राईत पाणंद आणि साकव कुठून आले, हे मला पुढे एका शुक्रवारी कळलं. माझं बिऱ्हाड अजून यायचं होतं, सुट्टीचा दिवस खायला उठायचा, म्हणून तुझ्या खोलीवर बांगड्याच्या तिखल्यासाठी येऊन बसायचो. तू युद्धाआधीपासूनचा. तू सांगितलंस की परक्या फौजा शहरात शिरल्या तेव्हा इथल्या लोकांनी रस्त्यांच्या पाट्या आणि घरांवरचे नंबर रातोरात काढून टाकले, शिपायांना कुणाचं घर सापडू नये म्हणून. तू तेव्हा गावी पोचला होतास. परत आलास तर राईतली कितीतरी गोदामं जळलेली, पाट्या गायब, आणि फोरमन सांगतोय की अमक्या गोदामात डक्ट नेऊन बसव. अमकं गोदाम कुठलं? मग तुम्ही एकाच तालुक्यातल्या चार जणांनी आपली नावं ठेवली. खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, भट्टीपाशी तीन रस्ते मिळत होते, तो तिठा. दोन गोदामांच्या भिंतींमधून एकच गाडी जाईल एवढी वाट होती, ती पाणंद. उघड्या गटारावर लोखंडी प्लेट टाकलेली, तो साकव. सगळ्याच्या पलीकडे जिथे काहीच नव्हतं, नुसतं सपाट रखरखीत, पार हायवेपर्यंत, तो सडा. तुमच्या गावावर जसा कातळाचा सडा आहे तसा. इथे फक्त वाळूचा.

आणि मधोमध पार. एक शेड जळून गेली होती, तिच्यातल्या यंत्राखालचा काँक्रीटचा ठोकळा तेवढा उरला होता. संध्याकाळी काम सुटलं की तुम्ही त्यावर बसायचात. पण नुसता पार असून कसं चालेल? त्यावर पिंपळ नको? मग तू त्या ठोकळ्यात एक पाइप उभा केलास, वर फांद्यांसारख्या पट्ट्या फाकवल्यास आणि डक्टमधून उरलेले चकचकीत तुकडे रिव्हेट मारून त्यावर बसवलेस. एकेका तुकड्याला पिंपळाच्या पानासारखं लांब टोक कापलंस. ते काढताना बोट कापून घेतलंस ते वेगळं. वारा आला की हा पिंपळ सळसळायचा नाही, खडखडायचा. उन्हाळ्यात त्याच्याखाली बसणं म्हणजे तव्यावर बसून वर झाकण ओढून घेणं. हे मी म्हणालो की तू म्हणायचास, मग उन्हात जाऊन बस.

नावं चार माणसांची होती, पण हळूहळू गल्लीची झाली. पठाण ट्रकवाले तिठ्यावर माल उतरवायचे. केरळचा चहावाला साकवाच्या अलीकडे उभा राहायचा. तुमचा इजिप्तचा फोरमन, ज्याला बाकी एक मराठी शब्द ठाऊक नव्हता, तो कामावर उशिरा येणाऱ्याला पारावर उभं करून ओरडायचा. मग शहर बदलायला लागलं. भट्टी गेली, तिथे टाइल्सचं दुकान झालं. गॅरेजं एकेक करून लांब हटली, काचेच्या शोरूम आल्या. गटार बुजवून वर रस्ता केला. तुझ्या तोंडातला नकाशा मात्र हलला नाही. मी वैतागून म्हणायचो, अरे, आत्ता जे आहे त्यावरून सांग ना. टाइल्सच्या दुकानावरून सांग. तुझं उत्तर ठरलेलं.

"आज आसा ता उद्या आसतला कशावरून? होता ता कोण काढून नेतलो?"



माझ्या आयुष्यात मी एकदाच न चुकता कुठे पोचलोय, शांताराम, आणि ते तुझं घर. सुट्टीवर निघालो होतो, तू ब्लँकेट, दुधाच्या पावडरीचे डबे आणि एक टॉर्च असं बोचकं माझ्या गळ्यात मारलंस. पत्ता विचारला तर म्हणालास, राईत येतोस तसा जा, कुणाला विचारलंस तर पैज हरलास. मला वाटलं थट्टा. एसटीतून उतरलो तर समोर तिठा. पुढे चिऱ्याच्या दोन गडग्यांमधून पाणंद. मग पोफळीच्या दोन खोडांचा साकव, त्यावरून मी बोचक्यासकट रांगत गेलो, खाली कपडे धुणाऱ्या बायका बघत होत्या, ते राहू दे. मग पार. आणि पारावर तो.

चैत्र होता. सगळ्या पिंपळाला तांबूस कोवळी पालवी फुटली होती आणि वाऱ्याने ती अशी हलत होती की झाड उभ्या उभ्या लकाकत होतं. मी बोचकं खाली ठेवलं आणि तुझ्या त्या पत्र्याच्या तुकड्यांना टोकं का होती, ते चकचकीतच का हवे होते, ते मला तिथे समजलं. तुला हे मी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर सांगणार होतो, पण आल्या आल्या तू माझ्यावर उखडलास, आणि ते राहून गेलं.

उखडायला कारणही होतं. सुमनवहिनींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं होतं. मी दोन दिवसांचा उपाशी असल्यासारखा तुटून पडलो होतो. वहिनी चुलीपाशी बसून तुझं एकेक विचारत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "भावजीनू, तुमच्या थंयसरलो पिंपळ केवढो आसा? हेच्यापेक्षा मोठो?"

तेव्हा मला कळलं की तू त्यांना पिंपळाचं सांगितलं होतंस, पत्र्याचं सांगितलं नव्हतंस. काम सुटलं की आम्ही पिंपळाखाली बसतो, बस्स, एवढंच. शहाण्या माणसाने विषय बदलला असता. माझ्या तोंडात घावणं होतं. मी म्हणालो, असाच आहे, एवढाच. तेवढ्यावर थांबायचं तरी? पण एकदा सांगायला लागलो की मला राहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणालो, सावली तर इतकी की बघायला नको. संध्याकाळी पाखरं येतात. कावळे, साळुंक्या, एक खंड्यासुद्धा. वाळवंटात खंड्या, शांताराम. मासे कुठले खाणार होता तो?

कुवेतला परतल्यावर तू मला पारावर बसवून घेतलंस. "पिंपळ मी लायलंय, बरा. पाखरां कित्याक घातलंस? आता दर शुक्रवारी माका कावळे सांभाळूचे लागतले."

आणि सांभाळलेस. शुक्रवारी सकाळी तू घरी फोन लावायचास, आधी बूथवरून, गावातल्या वाण्याच्या घरच्या फोनवर, पुढे वहिनींकडे स्वतःचा फोन आला तसा खोलीच्या जिन्यात बसून. माणसं पोराबाळांचं बोलतात, तब्येतीचं बोलतात. तुझं ऐकलं तर वाटायचं की ग्रामपंचायतीची सभा चालली आहे. तिठ्यावरची भट्टी गेली. पाणंदीच्या तोंडाला शोरूमवाल्याने गेट बसवलं. साकव बुजवला, पण उंचवटा राहिलाय. कावळे बरे आहेत. मी जिन्यात उभा राहून हसायचो. पलीकडून वहिनी काय विचारतात ते मला ऐकू यायचं नाही. पण त्या विचारायच्या, हे तुझ्या उत्तरांवरून कळायचं.

माझी बायको माधवी आणि मुलगी आल्यावर तुझे शुक्रवार आमच्या सालमियाच्या घरी सरकले. माझी मुलगी इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि तू मालवणीत प्रश्न विचारायचास, आणि तुम्हा दोघांचं अगदी छान जमायचं. मध्ये मीच दुभाष्या म्हणून बसायचो आणि दोघांचीही बोलणी खायचो. माधवी म्हणायची, तुमच्यावर हसायला मला आता मदतनीस मिळाला. तिनेच पहिल्यांदा विषय काढला की वहिनींना एकदा इकडे आण. महिन्याभराचा व्हिसा मिळतो, आमच्याकडे एक खोली रिकामीच असते. वहिनी लगेच तयार झाल्या. त्यांना ना समुद्र बघायचा होता, ना सोन्याची दुकानं. माधवीला फोनवर म्हणाल्या, मला फक्त राई बघायची आहे. ते कुठे बसतात ते एकदा बघायचं आहे.

तू म्हणालास, पुढल्या थंडीत. पुढली थंडी आली, तेव्हा पुन्हा पुढल्या थंडीत. माधवीने खोलीतल्या पलंगासाठी नवी चादर आणली होती, ती आम्ही दोन पाहुण्यांना वापरली आणि जुनी झाली.

दरम्यान तुझा पिंपळ गेला. फर्निचरच्या शोरूमने ती मोकळी जागा पार्किंगसाठी घेतली, पाइप बुंध्यापाशी कापला, पत्रे भंगारात गेले. पाराचा अर्धा ठोकळा काही फुटेना, तो तेवढा मागच्या बाजूला राहिला. तू मला फोनवर एका वाक्यात सांगितलंस आणि लगेच बांगड्यांवर आलास. त्या शुक्रवारी मी मुद्दाम तुझ्या जिन्यात येऊन उभा राहिलो. तू वहिनींना सांगत होतास की ह्या वर्षी गेटवाल्याने कुत्रा पाळलाय. पिंपळ? आहे. कावळे? आहेत.

फोन ठेवल्यावर मी तुझ्याशी भांडलो. आपण रस्त्यांवरून रोज भांडायचो, पण ते काही भांडण नव्हे. हे खरं होतं. मी म्हणालो, सांगून टाक ना. त्या झाड बघायला येत नाहीयेत, तुला बघायला येतायत. पत्र्याचं होतं म्हणून सांग, आता तेही गेलं म्हणून सांग. त्या हसतील आणि येतील. तू एका पत्र्याच्या तुकड्यापायी बायकोला वर्षानुवर्षं तिकडे ताटकळत ठेवलं आहेस.

तू कधी आवाज चढवायचा नाहीस. तेव्हाही चढवला नाहीस.

"तुका काय कळता? तू बायकोक घेऊन रवतंस." मग जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणालास, "तिका वाटता, मी सावलीत बसतंय. चार माणसां आसत, पाखरां आसत. तिका थंय झोप लागता. हंय हाडलंय तर काय दाखवू तिका? पार्किंग?"

मी गाडीची किल्ली उचलली आणि निघालो, आणि अर्थातच चुकलो, आणि तुला फोन केला नाही. दोन शुक्रवार तू आला नाहीस. तिसऱ्या शुक्रवारी तळलेल्या बांगड्यांचा डबा घेऊन दारात उभा राहिलास, मुलीला मालवणीत काहीतरी विचारलंस, ती इंग्रजीत काहीतरी बोलली, आणि आपण दोघे हसलो. जेवून उठताना माधवीला म्हणालास, ह्या थंडीत आणूया तिका. खरंच आणणार होतास की बांगड्यांबरोबर तोंडी लावायला म्हणालास? मला ठरवता येत नाही. रोज एकदा असं वाटतं, एकदा तसं.

थंडी अजून आली नव्हती. उकाडा नुकता उतरायला लागला होता. तुझ्या वर्कशॉपमधून फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी फुप्फुसाचा फोटो नीट येत नाही म्हणून मशीन उघडून बसलो होतो. तुझ्या छातीत आठवडाभर दुखत होतं म्हणे. सगळ्यांना ठाऊक होतं. तू त्यांना म्हणाला होतास, पुणेकराला सांगू नका, तो मला त्याच्या मशीनमध्ये घालील. घातलं असतं, शांताराम. निदान तेवढं तरी मला येतं. मी पोचलो तेव्हा तुझ्यावर चादर ओढून झाली होती, आणि तुझे पाय बाहेर होते, टाचांना पत्र्याची पूड लागलेली.

कागदपत्रांत चार दिवस गेले. शेवटच्या दिवशी सकाळी तुझा फोन वाजला. पडद्यावर तू लिहून ठेवलेलं नाव आलं, 'घर'. वहिनी होत्या. या चार दिवसांत त्या माझ्याशी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलल्या नव्हत्या. आता आवाज अगदी कोरडा होता.

"भावजीनू, एक मागणा आसा. तेंका पाराकडसून न्हेवा."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. तुमच्या गावात कुणीही गेलं की तिरडी पाराशी थोडा वेळ खाली ठेवतात, पिंपळाखाली. तिथे विसावा. मग पुढे नेतात. "हंय ठेवतलेच तेंका. पण थंय तेंचे दिस ज्यास्त गेले. थंयसर पण एकदा ठेवा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तुला विमानतळावर नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर केरळचा होता, सज्जन माणूस. राई वाटेतच आहे म्हणाला, पण आतल्या गल्ल्या मला माहीत नाहीत, तुम्ही पुढे चला, मी मागून येतो. "साब, आपको रास्ता मालूम है ना?" त्याने विचारलं. मी छाती काढून म्हणालो, वीस वेळा नाही, हजार वेळा आलोय. ते खरंच होतं. त्यातल्या निम्म्या वेळा चुकलो होतो एवढंच त्याला सांगितलं नाही. मी पुढे निघालो, तू मागे. आजवर कधी तू माझ्या मागून आला नव्हतास. तू असा हसला असतास की मी गाडी थांबवून तुला शिव्या घातल्या असत्या.

नवा मॉल मागे पडला, शोरूम सुरू झाल्या, मी एकदा डावीकडे वळलो, एकदा उजवीकडे, आणि दोन्ही गाड्या एका सोफ्यांच्या गोदामाच्या बंद भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मागे हॉर्न. ड्रायव्हर उतरून माझ्या खिडकीशी आला. घड्याळ दाखवलं. मी त्याला म्हणालो, एक मिनिट. मला रडू येत होतं आणि लाज वाटत होती, कुठलं किती ते सांगता येणार नाही. तुझ्या अखेरच्या वाटेवर तुला मी भिंतीशी नेऊन उभं केलं होतं.

तेव्हा तुझा फोन वाजला. 'घर'.

"खंय पोचलात?"

"वहिनी, मी चुकलो."

"समोर भिंत आसा? मागे या. मागे टाइलांचा दुकान दिसता?"

मी मान वळवली. लांब कोपऱ्यावर टाइल्सची शोरूम होती. दिसतं म्हणालो.

"ती भट्टी. तो तिठो. थंयसून डाव्या हाताक."

मी फोन खांद्याशी धरला आणि त्या सांगतील तसा चालवत गेलो. गल्लीच्या तोंडाशी गेट आलं. त्यांनी विचारलं, हिरवं गेट? मी म्हणालो, निळं आहे. त्या म्हणाल्या, हां, गेल्या महिन्यात रंगवलं, तीच पाणंद, आत घ्या. गेटवाल्याचा कुत्रा भुंकला, तो त्यांना फोनवर ऐकू आला, आणि त्यांनी त्याचं नाव घेऊन सांगितलं की काही करत नाही तो. मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. पुढे त्या म्हणाल्या, "आता साकव. उंचवटो आसा, गाडी आदळात. मागच्या गाडीक सावकाश घेवक सांगा. तेंका गचको बसात."

मी खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरला सावकाश म्हणून खूण केली. उंचवट्यावरून मी गेलो, आणि मग आरशात बघत राहिलो. मागची गाडी अगदी हळू, एकेक चाक उतरवत आली.

शोरूमच्या पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात पाराचा अर्धा ठोकळा होता. त्याला टेकून कुणीतरी मोठी गाडी लावली होती. वर कापलेल्या पाइपचा बोटभर गंजका तुकडा. मी हात केला. ड्रायव्हरने गाडी त्या ठोकळ्याशी आणून उभी केली, खाली उतरला, ठोकळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला तिथे काय दिसणार? तरी त्याने आत वाकून इंजिन बंद केलं आणि मागचं दार उघडून बाजूला उभा राहिला.

"पोचलात?"

"हो."

"पिंपळ आसा?"

तू जिन्यातून मला किती वेळा टोकलं असशील, पाखरं कशाला घातलीस म्हणून. आणि मी तुला, सांगून टाक म्हणून. माझ्या डोळ्यासमोर तो बोटभर पाइप होता.

"आहे, वहिनी."

"पाखरां?"

"आहेत."

"पालवी?"

पिंपळाला पालवी कधी फुटते हे त्या पिंपळाखाली राहणाऱ्या बाईला मी सांगणार होतो. दिवाळी पंधरा दिवसांवर होती.

"आहे," मी म्हणालो. "तांबूस. नवी."

पलीकडे बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कोंबडा आरवला. मग वहिनी बोलल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात ओल होती.

"तेंच्या पिंपळाक बाराय म्हयने पालवीच, भावजीनू."

त्यांना पत्र्याचं कधीपासून ठाऊक होतं, हे मला विचारू नकोस. मी काय सांगणार? मला रस्तेसुद्धा कळत नाहीत.

वाऱ्याने थोडी वाळू उडाली. ड्रायव्हरने मागचं दार लोटलं. वहिनी म्हणाल्या, आता उचला, उशीर नको, इथे पाराशी माणसं जमायला लागलीत. मी म्हणालो, वहिनी, हायवेला कसं लागायचं? त्या म्हणाल्या, सरळ सडा ओलांडायचा. सड्यावर आता दुकानंच दुकानं आहेत, शांताराम, पण आम्ही तो ओलांडला. मी पुढे, माझ्या मागे तू, आणि आपल्या दोघांच्या पुढे वहिनी.